समुद्रातल्या प्राण्यांची एन्झाइम्स आणि हट्टी जिवाणू: आप्पांच्या जखमेवरून पडलेले प्रश्न

सुहास_होटगीरोड (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, पण मला मनापासून उत्तर हवंय.

आमचे आप्पा ७१ वर्षांचे. वीस वर्षांपासून साखर. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दरवर्षीसारखे अनवाणी चालले. डाव्या अंगठ्याखाली खडा रुतला, पण पायाची संवेदना कमी झाल्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. चार दिवसांनी आईला मोज्यावर डाग दिसला. पुढच्या दीड महिन्यात तीनदा अँटिबायोटिक बदललं, पू तपासायला मात्र एकदाही पाठवला नाही. शेवटी मी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी जखमेतला नमुना कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखायला, दिला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू, आणि औषधांच्या नावांपुढे आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो. शिंपले, समुद्री ससा, कॉड मासा, अशा प्राण्यांच्या अंगातली एन्झाइम्स जिवाणू मारतात, असं वाचलं. हे खरं आहे का? समुद्रातच का? आणि आप्पांच्या पायासाठी यातलं आज काही मिळेल का?

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (सोमवार, रात्री ११.१५)

सुहासदादा, मी इथल्याच एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: आप्पांच्या पायाला लावावं असं यातलं आज काहीही नाही. नवे डॉक्टर योग्य वाटेवर आहेत, त्यांचं ऐका. बाकी प्रश्न मात्र खरे आहेत आणि मला फार जवळचे आहेत.

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. कालव किंवा तिसरी (दोन्ही शिंपल्यातले जीव) हेच पाणी दिवसभर शरीरातून गाळत असते. मोठं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. आपल्यासारख्या अँटिबॉडी या प्राण्यांकडे नसतात. एकदा झालेला आजार ओळखून पुढच्या वेळी नेमका वार करणारी ती यंत्रणाच त्यांच्यात नाही. तरी ते कोट्यवधी वर्षं टिकलेत. ते टिकले ते अंगात कायम तयार असलेल्या हत्यारांवर. त्यातली काही छोटी प्रथिनं आहेत, काही एन्झाइम्स, म्हणजे शाळेत आपण 'विकर' म्हणायचो ती.

सगळ्यांत जुनं ओळखीचं विकर म्हणजे लायसोझाइम. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनीच ते १९२२ मध्ये मांडलं, तेही पेनिसिलिनच्या आधी आणि सर्दी झालेल्या माणसाच्या शेंबडातून. आपल्या अश्रूंत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्यात ते असतंच. शिंपल्यांमध्ये त्याचा वेगळा प्रकार असतो, त्याला आय-प्रकार म्हणतात. आइसलँडच्या आसपास मिळणाऱ्या एका स्कॅलप शिंपल्यातून नॉर्वेच्या संशोधकांनी १९९९ च्या सुमारास 'क्लॅमिसिन' वेगळं केलं. ते चार अंश तापमानालाही काम करतं. अंड्यातलं लायसोझाइम ज्या जिवाणूंपुढे बहुधा हतबल ठरतं, त्यातल्या काहींनाही ते रोखतं.

आपण सोलापूरकर, म्हणून असं सांगते. जिवाणूची भिंत म्हणजे विणलेलं कापड समजा. साखरेच्या लांब साखळ्या हा ताणा. त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे छोटे तुकडे हा बाणा. पेनिसिलिन बाणा बांधणारा हात धरून ठेवतं. लायसोझाइम सरळ ताणा कापतं.

लूमकर_अक्कलकोटरोड (मंगळवार, सकाळी ८.०५)

मॅडम, ताणा तुटला की माग थांबतो, बाणा तुटला तर एक पीक, म्हणजे एक आडवा धागा, जातं. त्यामुळे तुमचं लायसोझाइमच भारी वाटतंय. मग स्टॅफ त्याला का मरत नाही? आप्पांच्या जखमेत त्यांचं स्वतःचं लायसोझाइम असणारच की.

आमचं टॉवेल प्रोसेसिंगचं युनिट आहे. एन्झाइम आमच्याकडे रोज लागतं, म्हणून विचारतोय.

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (मंगळवार, दुपारी १.३०)

लूमकरकाका, प्रश्न अगदी वर्मावर आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या ताण्याला खळ देतो! ओएटीए नावाच्या एन्झाइमने तो साखरेवर असिटिलचे गट चिकटवतो, आणि मग लायसोझाइमची कात्री त्या धाग्यावर बसतच नाही. आपल्या नाकात, त्वचेवर तो राहू शकतो त्यामागे हे एक मोठं कारण. ग्राम-निगेटिव्ह म्हणतात त्या दुसऱ्या गटातल्या जिवाणूंची तऱ्हा वेगळी. त्यांच्या कापडावर आणखी एक बाहेरचं आवरण असतं, त्यामुळे कात्री ताण्यापर्यंत पोचतच नाही. त्यातले काही तर लायसोझाइमला पकडून निकामी करणारी प्रथिनं सोडतात.

म्हणून 'एन्झाइमला जिवाणू सरावत नाहीत' असं कुठे वाचलंत तर विश्वास ठेवू नका. ही चढाओढ अँटिबायोटिकच्या कितीतरी आधीपासून चाललेली आहे.

रत्नागिरीची_लेक (मंगळवार, दुपारी ३.१०)

माझं माहेर रत्नागिरीजवळ, सासर सोलापूर. लहानपणी ओहोटीला खडकांत कालवं फोडायला जायचो. तिथे पाण्याच्या डबक्यात मऊ, गोगलगायीसारखा, कानांवर दोन शिंगं असावीत असा प्राणी दिसायचा. त्याला डिवचलं की जांभळी शाई सोडायचा. आजी म्हणायची, हात लावू नको, मासेसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. तोच का समुद्री ससा?

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (मंगळवार, रात्री १०.२०)

ताई, वर्णन तर त्याचंच वाटतंय. आणि आजी म्हणाल्या ते बरोबर, ती शाई शत्रूला नको करून सोडते.

या प्राण्याची गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्री ससा, अप्लिसिया कॅलिफोर्निका, याच्या शाईतलं एक एन्झाइम अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या गटाने २००५ मध्ये सविस्तर मांडलं. नाव एस्केपिन. हे एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज आहे. ते लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं पकडतं आणि त्यांचं ऑक्सिडेशन करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया बाहेर पडतो.

आता प्राण्याची युक्ती बघा. एस्केपिन असतं शाईच्या ग्रंथीत. लायसिनचा साठा असतो दुसऱ्याच ग्रंथीत, पांढरट चिकट स्राव सोडणाऱ्या. अंगात असताना दोघांची गाठ पडत नाही, म्हणून प्राण्याला इजा होत नाही. धोका वाटला की दोन्ही ग्रंथी एकदम रिकाम्या होतात आणि द्रव बाहेर पडता पडता मिसळतात. हत्यार तयार होतं ते शत्रूच्या तोंडासमोर.

असंच एन्झाइम काही माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात सापडलंय. कोरिया-जपानकडच्या एका रॉकफिशच्या त्वचेवरच्या श्लेष्म्यातलं एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज तर माशांना आजारी पाडणाऱ्या काही ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर नेमकं काम करतं. सापाच्या विषातही हा प्रकार असतो. विषाचा पिवळसर रंग बराचसा त्यातल्या फ्लॅविन या पिवळ्या रेणूमुळेच.

लूमकर_अक्कलकोटरोड (बुधवार, सकाळी ७.५०)

हायड्रोजन पेरॉक्साइड! मॅडम, टॉवेलचं ब्लीचिंग आम्ही त्यानेच करतो. ब्लीच झाल्यावर थोडं जरी उरलं तरी पुढे रंग नीट चढत नाही, म्हणून कॅटलेज टाकून मारतो. कामगार त्याला 'किलर' म्हणतात. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, काम संपलं.

मग जिवाणूकडे कॅटलेज असेल तर?

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (बुधवार, दुपारी २.००)

काका, तुम्ही माझ्या वर्गात येऊन बसा खरंच. स्टॅफकडे कॅटलेज असतंच. लॅबमध्ये आम्ही त्यावरूनच त्याला ओळखतो: काचेवर जिवाणू घेतले, पेरॉक्साइडचा थेंब टाकला, फेस आला तर स्टॅफ असू शकतो, नाही आला तर स्ट्रेप्टोकॉकसकडे वळायचं.

पण एस्केपिनची खरी गंमत इथेच आहे. लायसिनपासून पेरॉक्साइडच्या जोडीला आणखी काही मधली रसायनं तयार होतात. नुसतं पेरॉक्साइड दिलं तर परिणाम मर्यादित. नुसती ती रसायनं दिली तरी मर्यादित. दोन्ही एकत्र दिली की जिवाणूचा डीएनए आकसून घट्ट गोळा होतो आणि परत उलगडत नाही. स्युडोमोनास या आणखी एका हट्टी जिवाणूच्या बायोफिल्मवरही हा जोड तपासला गेलाय.

बायोफिल्म म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेलं चिकट घर. मधुमेहाच्या जुन्या जखमेत बऱ्याचदा तेच असतं. आत बसलेल्या जिवाणूंना अँटिबायोटिक नीट लागत नाही, अगदी रिपोर्टमध्ये 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह, असलं तरी. मला विचाराल तर समुद्री एन्झाइम्सची खरी जागा इथे आहे: अँटिबायोटिकची गोळी हटवून तिच्या जागी नाही, तर जखमेवर, कॅथेटरवर, दातांवर ते घर मोडून औषधाला वाट करून देण्यात. अंटार्क्टिकातल्या क्रिलची पचन-एन्झाइम्स जखमेवरची मेलेली कातडी विरघळवायला तपासली गेली, तीही त्याच विचाराने.

औषधवाला_नवीपेठ (बुधवार, रात्री ९.००)

चर्चा वाचतोय. माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून माझी काळजी वेगळी.

'एन्झाइम' हा शब्द ऐकला की लोक गोळी मागतात. सुजेवर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं सेरॅशिओपेप्टिडेज आठवा. ते एन्झाइमच. जपानमध्ये ते बरीच वर्षं विकलं गेलं, फेरतपासणीत उपयोग सिद्ध झाला नाही आणि २०११ मध्ये कंपनीने तिथे ते मागे घेतलं. आपल्याकडे चिठ्ठ्यांवर अजून येतं. एन्झाइम हे प्रथिन. पोटात गेलं की बहुतांश पचून जातं, डाळीसारखं. उद्या कोणी 'समुद्री एन्झाइम कॅप्सूल' घेऊन आलं तर मी ती माझ्या काउंटरवर ठेवणार नाही.

दुसरं, अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ती बघत जा. अजूनही रोज चार-पाच माणसं फोटो दाखवून 'हेच द्या, मागच्या वेळी बरं वाटलं' म्हणतात. मी देत नाही, ते पुढच्या दुकानात जातात. २०१९ या एका वर्षात जगात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज लॅन्सेटमध्ये आला होता. सुहासभाऊंच्या आप्पांसारखे रुग्ण मला दर आठवड्याला दिसतात, त्यामुळे तो आकडा मला लांबचा वाटत नाही.

रत्नागिरीची_लेक (गुरुवार, सकाळी १०.३०)

म्हणजे तिसऱ्या-कालवं खाऊन काही होणार नाही, असंच ना? सासूबाई विचारत होत्या.

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (गुरुवार, दुपारी १.१०)

खा, चवीसाठी खा. शिजवल्यावर बहुतेक एन्झाइम्स निकामी होतात, उरलीसुरली पोटात पचतात. कच्ची कालवं मात्र मधुमेही माणसाने खाऊ नयेत. समुद्रातले व्हिब्रिओ जातीचे जिवाणू त्यांच्यात असू शकतात आणि साखर असलेल्यांना ते फार जड जातात.

औषधवाले दादा म्हणाले त्याला माझा पूर्ण दुजोरा. फक्त एक भर: पोटातून नको, पण वरून लावायला मार्ग आहे. कॉड माशाच्या आतड्यातलं ट्रिप्सिन थंडीत काम करणारं आहे. ते घातलेला घशाचा फवारा युरोपात विकला जातो, तोही औषध म्हणून नाही तर वैद्यकीय उपकरणाच्या वर्गात. घशावर थर बसवायचा, विषाणूला अटकाव करायचा, अशी ती कल्पना आहे. हा फरक लहान नाही. औषधाला जेवढे पुरावे द्यावे लागतात तेवढे त्याला द्यावे लागत नाहीत.

डाळिंब_सांगोला (गुरुवार, रात्री ८.४५)

राम राम. मी सांगोल्याकडचा, चार एकर भगवा डाळिंब. माणसांचं तुमचं चाललंय, पण बागेतही हेच दुखणं आहे. तेल्या. पानावर तेलकट डाग, फळ तडकतं, अन् पाऊस-वाऱ्यात दोन आठवड्यांत बाग हातची जाते. आम्ही वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक मारत आलो. आधी गुण यायचा, आता निम्मासुद्धा येत नाही. हे एन्झाइम बागेवर मारता येईल का?

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (गुरुवार, रात्री १०.५०)

दादा, तेल्याचा जिवाणू झँथोमोनास, ग्राम-निगेटिव्ह. म्हणजे वर सांगितलेलं बाहेरचं आवरण त्याला आहे, शिवाय तो भोवती झँथनसारखा चिकट डिंक करतो. नुसत्या लायसोझाइमला तो दाद देणार नाही. दुसरी अडचण आपल्या उन्हाची. थंड समुद्रातलं एन्झाइम सांगोल्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात पानावर किती वेळ टिकेल? तिसरी खर्चाची. एकराला लागेल इतकं शुद्ध एन्झाइम आज कोणालाही परवडणार नाही.

पण समुद्रातून बागेपर्यंत एक गोष्ट आधीच पोचलीय: कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेलं कायटोसॅन. ते एन्झाइम नाही. पण ते झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतं, आणि मग झाड स्वतःच कायटिनेजसारखी एन्झाइम्स तयार करतं. ते कधी, किती, कशासोबत मारायचं हे मी सांगू नये. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथेच विचारा. स्ट्रेप्टोसायक्लिनबद्दलही तिथेच बोला. ते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहे, दोन्ही माणसांचीही औषधं.

डाळिंब_सांगोला (शुक्रवार, सकाळी ६.२०)

केगावला दोनदा जाऊन आलोय. तिथं सांगितलं तेच पहिलं करायचं ठरवलंय: रोगट फांद्या छाटून जाळायच्या, कात्री दर झाडाला निर्जंतुक करायची, मृगाचा बहार सोडून हस्ताचा धरायचा. माणसांची औषधं झाडावर मारतोय हे माहीत होतं, पण आप्पांची गोष्ट वाचून ते आतून लागलं.

सुहास_होटगीरोड (शुक्रवार, रात्री १०.००)

सगळ्यांचे आभार. आज आप्पांच्या जखमेवरची मेलेली कातडी डॉक्टरांनी काढली. कल्चरमध्ये 'एस' आलेलं औषध शिरेतून सुरू केलंय, इन्सुलिनचा डोस बदललाय, त्या पायावर भार द्यायचा नाही असं बजावलंय. डॉक्टर म्हणाले, खाली लालसर ताजं मांस दिसतंय, हाड वाचलंय. प्राजक्ता मॅडम, बायोफिल्मचं तुम्ही लिहिलं होतं म्हणून मला कळलं की कातडी का खरवडायची. नाहीतर ते बघून मी घाबरलो असतो.

आज सलाईनची बाटली बघत बसलो होतो, तेव्हा वाटलं, यात समुद्राचा काही संबंध असेल का?

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (शनिवार, सकाळी ९.१५)

दादा, हाड वाचलं हे कळून फार बरं वाटलं.

आणि सलाईनला संबंध आहे! शिरेतून देण्याच्या द्रवात जिवाणूंच्या आवरणाचे अंश, एंडोटॉक्सिन, नाहीत हे तपासावं लागतं. जगभर ही तपासणी कित्येक दशकं हॉर्सशू खेकड्याच्या निळ्या रक्तापासून केलेल्या अर्काने होत आली. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये पाहिलं की जिवाणू टोचल्यावर या प्राण्याचं रक्त गोठतं. पुढे त्यांनी आणि जॅक लेव्हिन यांनी त्यातून चाचणी उभी केली, १९७७ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्या गोठण्याच्या मुळाशी एन्झाइम्सचीच साखळी आहे. पहिली कडी फॅक्टर सी. एंडोटॉक्सिन चिकटलं की ती जागी होते, पुढच्या एन्झाइमला जागं करते, शेवटी गुठळी होते आणि जिवाणू त्यात अडकतो. आपल्याकडे हा प्राणी ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो.

रक्त काढून परत सोडलेल्या या प्राण्यांपैकी काही मरतात, याचं मला फार वाईट वाटतं. सिंगापूरच्या संशोधकांनी फॅक्टर सीचं जनुक काढून ते प्रयोगशाळेत बनवण्याची वाट केली, आणि आता ती हळूहळू मान्य होतेय. एस्केपिनचंही जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून ते बनवलं गेलंय. हीच दिशा योग्य आहे. एका औषधासाठी किनारे रिकामे करायची गरज नाही.

आता माझं एक काम. माझ्या दोन विद्यार्थिनींना प्रकल्प हवाय. समुद्र आपल्यापासून लांब, पण उजनी जवळ. मरळ आणि चिलापीच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात लायसोझाइम असतं, ते मोजायचं. मायक्रोकॉकस या जिवाणूचं गढूळ द्रावण घ्यायचं, त्यात तो थर टाकायचा, किती वेगाने निवळतं ते बघायचं. अर्धा नमुना कॅटलेज घालून तपासायचा. परिणाम तिथे नाहीसा झाला तर काम पेरॉक्साइडचं होतं असं धरायचं. ताजा, बर्फात न घातलेला मासा कोण मिळवून देईल?

लूमकर_अक्कलकोटरोड (शनिवार, सकाळी ११.००)

भिगवणकडून येणारा एक मासेवाला ओळखीचा आहे, पहाटे जिवंत मरळ आणतो. रविवारी सहाला मी थांबतो. कॅटलेज आमच्याकडे ड्रमभर आहे, आणू का?

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (शनिवार, दुपारी १२.२०)

काका, मासा आणा. तुमच्या कॅटलेजमध्ये टिकवण्यासाठी घातलेली बाकी रसायनं असतील, ती निकालात गोंधळ करतील. लॅबचं शुद्ध वापरू. पण तुम्ही मात्र नक्की या.

सुहास_होटगीरोड (शनिवार, संध्याकाळी ७.४०)

आप्पांना हे सगळं वाचून दाखवलं. पाय बरा झाला की मासळी बाजारात मीही येतो म्हणताहेत.

प्राजक्ता_सूक्ष्मजीव (शनिवार, रात्री ८.१०)

बाजारात नको. ओल्या फरशीवरचं पाणी, काटे, माशांचे जिवाणू, त्यांच्या पायासाठी यातलं काहीच बरं नाही. जखम पूर्ण भरली, डॉक्टरांनी परवानगी दिली, की एमसीआरची (मधुमेहींसाठीच्या मऊ रबराची) चप्पल घालून थेट लॅबमध्ये आणा. खुर्ची देऊन जिवाणूंची प्लेट दाखवते.